दीपमाळेचं तेल

वेळ दिवेलागणीची. जागा टेकडीवरच्या मठाची, दीपमाळेपुढची.

“यात नवं काय आहे, महाराज?”

सोमगिरीने हातातली वस्तू उलटसुलट करून पाहिली. लांब काठी, टोकाला डोलणारी तांब्याची वाटी, वाटीला बांधलेली दोरी. वाटीत तेल भरून काठी वर न्यायची आणि दोरी ओढायची. वाटी कलते, तेल वरच्या पणतीत पडतं.

ती घडवली अनसूया तांबटिणीने. पेठेतल्या रामलिंग शेटनी तिला न विचारता तशाच वाट्या आपल्या कारखान्यात काढल्या आणि गावोगावच्या देवळांना विकल्या. बाईने पंचांकडे दाद मागितली. चार पंच दोन-दोन असे फुटले. पाचवा सोमगिरी. उद्या तो शेटच्या बाजूने बोलला, की बाईची भट्टी कायमची विझणार.

“काठी जुनी, वाटी जुनी, दोरी जुनी,” सोमगिरी म्हणाला. काशीला न्यायशास्त्र शिकून आलेला तो. “कुणालाही सुचलं असतं.”

“शेट म्हणतात असं?”

“मीही म्हणतो. शेटनी कसं मुद्देसूद सांगितलं! त्या बाईला तर चार वाक्यं धड बोलता येईनात.”

“ओठ बरेच रंगलेत. विडा शेटचाच ना?”

सोमगिरीने उपरण्याने तोंड पुसलं.

निरंजनगिरी महाराजांनी वाटीत तेल भरलं. थरथरत्या हातांनी काठी उचलली. वाटी शेंड्याला पोचली. दोरी ओढताच तेलाची बारीक धार पणतीत उतरली... एक थेंब बाहेर नाही. मग काकडा बांधलेली जुनी काठी वर गेली आणि ज्योत उभी राहिली.

सोमगिरी मान वर करून बघतच राहिला.

वारा आला. ज्योत विझली.

“रोज अशीच विझते,” महाराज म्हणाले. “विझणार नाही असं काहीतरी कर. लागेल ते सगळं या अंगणात आहे.”

सोमगिरीने अंगण न्याहाळलं. घागर, सूप, केळीची पानं, फुटकी खापरं, दोरखंड... पुन्हा न्याहाळलं.

“सुचत नाही, महाराज.”

“कुणाला तरी सुचेल. मग तू काय म्हणशील?”

“...कुणालाही सुचलं असतं.”

त्याने पुन्हा अंगणाकडे पाहिलं. सगळं समोर पडलं होतं आणि काहीच दिसत नव्हतं.

तरी काशीचा अभिमान एवढ्यात कसा हटेल!

“पण महाराज, ही वाटी तरी सोपीच होती. दिवा पेटवायची काठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तेलासाठी तीच काठी...”

तो अडखळला.

महाराज दीपमाळेच्या पायथ्याच्या फरशीकडे बघत होते.

“तेल घालायला वर चढलेला आपला मोतीगिरी इथे पडून मेला, तेव्हा काठी, वाटी, दोरी तिन्ही मठात होत्या. आणि आपण सगळे खाली उभे होतो.”