मुजरा करणारा माड

कांडेबंदरच्या भामाबायच्या घरात नारळ दारातून येत नसत, कौलांतून येत. पहिला पडला चुलीवरच्या भाताच्या टोपात. दुसरा देव्हाऱ्यासमोर पडला, त्याला तिने हळदकुंकू लावून घेतलं. पण तिसरा पडला तो नेमका पाळण्याच्या कडीखाली, तेव्हा मात्र तिचा जीव खालीवर झाला.

कारण तिची लेक शेवंती पहिलटकरीण होती आणि बाळंतपणाला माहेरी यायची होती. व्याह्यांनी निरोप धाडला की अंगणातला माड आधी तोडा, तोवर सून पाठवणार नाही. त्यांचं तरी काय चुकलं?

तो माड मागच्या वादळात घरावर कलला होता. मुळं जमिनीबाहेर आली होती. आता तुम्ही म्हणाल, नारळ पाडून घ्यायचे की! पाडेकऱ्याने बुंध्यावर एक पाय ठेवला, माड करकरला, आणि गडी हात जोडून चालता झाला. मग तोडून टाकायचा? कसा तोडणार? माडाच्या कमरेला रेशमी फेटा होता, आणि फेट्यावर पितळी बिल्ला. क्रमांक चारशे बारा.

त्याचं असं झालं होतं. भूपाळराजे एका सकाळी गच्चीत उभे असताना वारा सुटला, आणि किनाऱ्यावरचे सगळे माड एकदम वाकले. महाराजांना वाटलं, आपल्यालाच मुजरा करतायत. ऊर भरून आला हो त्यांचा! त्याच दिवशी राज्यातलं झाडन् झाड दरबारच्या चाकरीत घेतलं गेलं. अंगण तुमचं, झाड दरबारचं. परवानगीवाचून फांदीला हात लावला, तर राजाच्या चाकराला मारहाण केल्याचा गुन्हा.

परवानगी द्यायचे झाडखात्याचे कारभारी नारोपंत. त्यांनी भामाबायकडून अर्ज भरून घेतला. झाडाचं नाव काय, वडिलांचं नाव काय, स्वभाव कसा, अर्जदाराशी पूर्वीचं वैर आहे का, सगळं विचारलं. भामाबायने वडिलांच्या जागी ‘नारळ’ असं सांगितलं, तेही पंतांनी गंभीरपणे टिपून घेतलं. शेवटच्या रकान्यात ‘झाडाचं म्हणणं’ लिहायचं होतं. तो कोरा राहिला, म्हणून अर्ज परत. असा तीनदा परत आला.

चौथ्या खेपेला काथ्याचे दोर वळणारी ही बाई सरळ दरबारात जाऊन उभी राहिली. माड घरावर पडेल, लेक बाळंतीण होईल, जीव जाईल, असं तिने कळवळून सांगितलं.

नारोपंत लगेच पुढे झाले. म्हणाले, बाकीचे माड वारा असला तरच वाकतात, हा चारशे बारा मात्र बारा महिने वाकलेला असतो. इतका निष्ठावान चाकर अख्ख्या राज्यात नाही!

महाराज विरघळले. “बाई, त्याची बाजू ऐकल्याशिवाय त्याला काढणार नाही. उद्या त्याला इथे हजर कर. इथून मला हलवा, असं तो आमच्या तोंडावर म्हणाला, तर परवानगी.”

दरबार खो खो हसला. भामाबाय हसली नाही. तिने एवढंच मागितलं, की हुकूम राजाचा आहे, तो माडाला राजाच्याच माणसाने वाचून दाखवावा. महाराजांनी भालदार दिला.

भालदाराने अंगणात उभं राहून खड्या आवाजात हुकूम वाचला. एकदा, दोनदा. गाव लोटला होता. तिसऱ्यांदा त्याने “हाजिर हो!” म्हणायला आणि वरून नारळ सुटायला एकच गाठ पडली.

दुसऱ्या दिवशी भामाबाय दरबारात आली ती एकटीच.

“कुठाय आमचा चाकर?” महाराजांनी मिशीत हसत विचारलं.

“आला नाही, महाराज. भालदाराला विचारा.”

भालदाराचा खांदा सुजून भोपळ्याएवढा झाला होता. हुकूम तीनदा वाचला, माड जागचा हलला नाही, उलट खांद्यात नारळ घातला, असं त्याने कण्हत सांगितलं. पुरावा म्हणून नारळही पुढे ठेवला.

“पंत,” भामाबाय वळून म्हणाली, “दरबारचा चाकर हुकूम ऐकूनही येत नाही, वर राजाच्या माणसावर हात उचलतो. त्याला काय शिक्षा?”

नियम पंतांना तोंडपाठ. “बडतर्फ! फेटा-बिल्ला जप्त!” ते बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

“अगं, पण झाडाला पाय कुठे असतात?” महाराज ओरडले.

“मग त्याला चाकरीत घेतलं कसं, महाराज? पाय असतील तर त्याने हुकूम मोडला. पाय नसतील तर ज्याला हाकेला येता येत नाही, तो चाकर कसला? काहीही धरा, फेटा उतरतोच. आणि फेटा उतरला की माझ्या अंगणात उरतो तो नुसता माड.”

महाराजांनी नारळाकडे पाहिलं, सुजलेल्या खांद्याकडे पाहिलं, पंतांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि इतके हसले की मुकुट सावरायला दोन माणसं धावली.

दुपारी नारोपंतांनी स्वतःच्या हाताने माडाचा फेटा सोडला. भामाबायच्याच दोरांनी बारा गड्यांनी माड घरापासून लांब ओढून आडवा केला. कौलं दरबारच्या खर्चाने बसली, आणि शेवंती माहेरी आली.

बारशाला महाराज सागवानी पाळणा घेऊन हजर! त्यांनी चारशे बाराचा बिल्ला पाळण्याला बांधला. “आजपासून हा आमचा चाकर. बोलावलं तर येईल ना गं हा तरी?”

“येईल की महाराज,” भामाबाय पाळण्याला झोका देत म्हणाली, “पण वर्षभर दम धरा. पाय आहेत, चालणं तेवढं शिकायचंय. आणि तोवर त्याच्यापुढे हुकूम वाचू नका, तोही काहीतरी सोडेल अंगावर!”

महाराज असे गडगडून हसले, की नवा चाकर दचकून जागा झाला आणि त्याने भोकाड पसरलं.