तोंड फिरवून दिलेलं विरजण

स्पेनच्या दक्षिणेला हेरेथ नावाचं जुनं शहर आहे. शेरी नावाची कडक वाइन जगभर जाते ती इथली. शहरभर वाइनची कोठारं आहेत, उंच, पांढरी आणि आत शिरलं की गाभाऱ्यासारखी गार. तिथल्या एका अरुंद गल्लीच्या टोकाला दोन कोठारांच्या मधे भिंत आहे आणि त्या भिंतीला बैलगाडीचं चाक सहज जाईल एवढं भोक आहे. त्याला चौकट नाही, गज नाहीत. फुटलेले दगड दातांसारखे बाहेर आलेत. भिंतीला दर वर्षी चुना लागतो, पण कुंचला भोकापासून हातभर अलीकडेच थांबतो.

आता भोक दिसल्यावर डोकावल्याशिवाय कुणाला राहवेल? मी मान आत घातली, तर मागून केवढ्यांदा तरी आवाज आला. आम्हाला कोठार दाखवणारे म्हातारबुवा ओरडत होते. त्यांचं नाव दोन सेवेरो. ‘दोन’ म्हणजे आपल्याकडचं ‘राव’. जन्मभर त्यांनी याच कोठारात लाकडी पिंपं बांधली.

माझी भाची केतकी तिथे नोकरीला असते, ती मला मराठीत सांगत होती. म्हणाली, “मावशी, मागे ये. तिकडे बघायचं नसतं.”

“का? काय आहे तिकडे?”

तिने विचारलं. सेवेरोराव गुरगुरले.

“शत्रू आहे म्हणतायत,” केतकी म्हणाली.

मग त्यांनी भिंतीकडे पाठ करून सगळं सांगितलं, ते असं.

फार पूर्वी इथे भिंत नव्हती म्हणे. पश्चिमेचं मोठं कोठार बाल्तासारचं आणि पूर्वेचं लहान कोठार हसिंता नावाच्या विधवेचं. इथल्या वाइनची गंमत अशी की पिंपात तिच्यावर पांढरी साय धरते. हे लोक तिला फूल म्हणतात. साय जिवंत आहे तोवर वाइन चांगली, साय मेली की आतलं सगळं आंबून जातं. आणि साय जगते ती पश्चिमेच्या समुद्रावरून येणाऱ्या ओलसर वाऱ्यावर. तो वारा आधी बाल्तासारच्या कोठारातून जायचा आणि मग हसिंताच्या.

हसिंताची वाइन सरस होती. गिऱ्हाईक बाल्तासारच्या दारावरून पुढे जाऊन तिची कडी वाजवायचं. ते बाल्तासारला सोसेना. त्याने कोठार विकत मागितलं.

ती म्हणाली, “माझा नवरा या पिंपांत आपलं आयुष्य ओतून गेला. मी ती तुझ्या हाती देऊ? आधी हात धुऊन ये.”

हे ती भर चौकात म्हणाली. लोक हसले. बाल्तासारने गवंडी बोलावले. स्वतःच्या जागेत, स्वतःच्या दगडांनी त्याने ही भिंत उठवली आणि तिचा वारा तोडला. हसिंता शहराच्या मुख्याकडे गेली. तो म्हणाला, “बाई, जागा त्याची, भिंत त्याची. वारा कुणाचा हे मी कसं ठरवू?”

तिने परत येऊन भिंतीवर हात आपटला. “वाराचोरा!” ती ओरडली. “माझ्या एका तरी पिंपात फूल जगलं पाहिजे. तोवर मी कोरड्या अंथरुणावर पाठ टेकणार नाही.”

तो उन्हाळा फार कडक गेला असं सांगतात. हसिंता कोठाराच्या वाळूवर पाणी शिंपायची, खिडक्यांना गवताच्या ओल्या चटया बांधायची. तरी एकेक पिंप मरत गेलं. शेवटी कोपऱ्यातलं एक उरलं. स्वतःचे काळे कपडे पाण्यातून काढून, तसेच ओले अंगावर घेऊन ती त्या पिंपाला पाठ लावून बसायची. छातीत कफ भरला तरी जागची हलली नाही. भिंतीपलीकडून बाल्तासार विचारायचा, “काय गं, आंबलेल्या वाइनचा शिरका कसा दिला?”

एवढं सांगून सेवेरोराव थांबले. बाल्तासार म्हणजे त्यांच्या मालकाचा पूर्वज, त्याची बाजू घ्यायची त्यांची फार इच्छा होती, ते दिसत होतं. मग म्हणाले, “आमचा मालक वाईट नव्हता. गाढव होता.”

कारण वारा आत यायचा तर त्याला पलीकडून बाहेर जायलाही वाट लागते. नुसती एक खिडकी उघडून झुळूक येत नाही हे घरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, त्याला नव्हतं. भिंतीमुळे वारा त्याच्याच कोठारात कोंडला, उन्हाने तापला. बाल्तासारच्या पिंपांतली साय काळी पडून तळाला गेली. एकही पिंप वाचलं नाही.

नवी साय धरायची तर जिवंत सायीचं विरजण लागतं, आपल्या दह्यासारखंच. ते अख्ख्या शहरात कुणी त्याला देईना, कारण प्रत्येकाशी त्याने वाकडं घेतलेलं. राहिली हसिंता. तिचं पिंप जगलं हे ऐकून आधी त्याने ‘चेटकीण’ म्हणून आरडाओरडा केला. मग तांब्या घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, “विरजण मागायला आलेल्याला मी नाही म्हणत नाही, वैऱ्यालासुद्धा. पण या दारातून नाही मिळणार. भिंतीतून घे.”

बाल्तासार घरी गेला, घण उचलला आणि स्वतः भिंत फोडली. गवंड्यांना हात लावू दिला नाही म्हणे. पहिला दगड पडला तसा कोंडलेला वारा सोसाट्याने पलीकडे गेला. हसिंताने तोंड फिरवून तांब्या पुढे केला.

“घे, वाराचोरा. पुढच्या वर्षी परत कर.”

“दे, चेटकिणी,” तो म्हणाला. त्याला रडू येत होतं असं सांगतात. तांब्या खाली ठेवून तो म्हणाला, “झालं गेलं जाऊ दे. मी इथे छान कमान करतो, लाकडी दार बसवतो. येत-जात जाऊ.”

“दार?” हसिंता म्हणाली. “दार बसवलंस की ते तुला लावताही येईल. भांडण राहू दे, भोक राहू दे.”

आजही त्या भोकाला चौकट नाही. दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत, लग्नाला नाही आणि मयतालाही नाही. फक्त वसंतात, साय दाट झाली की, विरजणाचा तांब्या भोकातून जातो. एक वर्ष इकडून तिकडे, दुसऱ्या वर्षी तिकडून इकडे. पूर्वेचं घर ‘वाराचोरा’ म्हणतं, पश्चिमेचं ‘चेटकिणी’, दोघंही तोंड फिरवून. आमच्याकडे सुखेड आणि बोरीच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवरून वर्षातून एकदा एकमेकींना शिव्या घालतात, ते मी पाहिलेलं. त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

मी विचारलं, “यंदा झालं का?”

झालं होतं. यंदा देण्याची पाळी पलीकडची. तिकडची मालकीण आता म्हातारी, दुखण्यातून नुकतीच उठलेली. तांब्या पुढे आला, पण शब्द नुसता घशात घरघरला. इकडच्या मालकाने हात पुढे केला नाही. मान न वळवता म्हणाला, “ऐकू नाही आलं.”

ती खोकली. तो तसाच उभा राहिला. मग तिने दम घेतला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल अशी शिवी घातली, तेव्हा त्याने तांब्या घेतला.