डाव्या पुडीची कणीक

त्या राज्यात माणसे नव्हती, वाद्ये होती. आणि वाद्यांना वाजवणारा हात नव्हता. अंतःकरणात नाम आले की तार आपोआप झंकारे, कातडे आपोआप थरथरे, काशाला आपोआप कंठ फुटे. म्हणून कोण किती मोठ्याने वाजतो याला तिथे महत्त्व नसे. कोण आतून वाजतो आणि कोण नुसता वरवर, एवढेच पाहिले जाई. निदान तसे म्हटले तरी जाई.

राज्याच्या मधोमध एक दगडी मंडप होता. वीणाबाई तिथे सदैव उभ्या असत. त्यांनी जमिनीला पाठ टेकलेली कोणी पाहिली नव्हती. मंडपाची शिस्त शंखरावांकडे होती. वर्षातून एकदा पहाटेची महासभा भरे, आणि शंखरावांनी फुंकर सोडली की ती सुरू होई. ते कोणासाठी थांबत नसत. एका वर्षी ढगांमुळे सूर्य दिसायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी सूर्याला वगळून सभा सुरू केली होती, असे टाळ सांगत. अर्थात टाळांचे सगळेच खरे धरण्याचा प्रघात नव्हता.

टाळ हे दोघे जुळे भाऊ, एकाच दोरीने बांधलेले. एकाने बोलायला तोंड उघडले की दुसरा त्यावर आदळलाच. त्यामुळे त्यांच्यापाशी कोणतेही गुपित फार वेळ टिकत नसे.

आणि पखवाज होता. त्याला सगळे आबा म्हणत. त्याच्या दोन बाजूंना कातड्याच्या दोन पुड्या ताणलेल्या होत्या. उजव्या पुडीवर शाईचे काळे, पक्के वर्तुळ होते. तिचा स्वर त्याला जन्माबरोबरच मिळाला होता. डावी पुडी मात्र कोरी होती. तिच्यावर गव्हाची ओली कणीक थापली, तरच तिच्यातून तो खोल, पोटातला घुमारा निघे. उजवा स्वर असा आपला होता, तर डावा रोज पहाटे नव्याने मागून घ्यावा लागे. ही कणीक टाळ मळत. थोरला आपल्या वाटीत पीठ घेई, धाकटा आपल्या वाटीत पाणी, आणि भांडत भांडत दोघे गोळा तयार करीत. भजन आटोपले की ती कणीक खरवडून बाहेरच्या पायरीखाली ठेवली जाई आणि पायरीतल्या मुंग्या ती घेऊन जात. आबाची त्यांच्याशी एवढीच ओळख होती. त्यांची रांग दिसली की तो म्हणे, "आलात का बायांनो? आज मीठ घालायचं राहिलं बरं का." मीठ कधीच घातलेले नसे, हे मुंग्यांनाही ठाऊक होते.

मंडपाच्या मागच्या भिंतीत एक खुंटी होती. महासभेत ज्याचा स्वर फसेल त्याने त्या खुंटीवर जायचे, असा नियम होता. तिथे एक जुना संबळ टांगलेला होता. एके काळी तो गावभर ऐकू जाई म्हणत. न वाजून वाजून त्याचे कातडे वाळले, सुरकुतले आणि आता वारा आला तरी तो फक्त खरखरे. भिंतीजवळून जाताना सगळे जण पावले झपाझप उचलत. आबाही उचली.

एका वर्षी नदी आपली वाट विसरली. ती शेतांतून आली, गव्हावरून गेली आणि परतताना कोठारातले पीठही घेऊन गेली. मंडपातली वाद्ये उंच तुळयांना बिलगून राहिली म्हणून वाचली, पण ओल सगळ्यांच्या अंगात शिरली. वीणाबाईंच्या तारांवर गंज बसला. कातडी सैल पडली. मंडपाच्या कोनाड्यात एका गोळ्यापुरते पीठ उरले होते. शंखरावांनी ते झाकून ठेवले आणि बजावले, "हे महासभेचं. तोवर याला कोणी हात लावायचा नाही. आबा, तुम्हीसुद्धा नाही."

"माझ्याच गालाला लावायचं ते, मी पळवून कुठं नेणार?" आबा म्हणाला.

महासभा अगदी तोंडावर आली असताना, पायरीला लागलेल्या पाण्यात टाळांना काहीतरी काळे गोल तरंगताना दिसले.

"जांभूळ आहे," थोरला म्हणाला.

"जांभळाला पाय असतात होय रे?" धाकटा म्हणाला.

तो मुंग्यांचा गोळा होता. बीळ बुडाल्यावर त्यांनी एकमेकींचे पाय घट्ट धरले होते आणि सगळ्यांचा मिळून एक जिवंत चेंडू केला होता. लेकरे मधोमध, कोरडी. खालच्या मुंग्या पाण्याखाली गुदमरू लागल्या की वरच्या मुकाट्याने खाली जात आणि खालच्यांना वर घेत. असा फिरत फिरत तो गोळा पाण्यावरून आला होता. वाटेत एकीनेही हात सोडला नव्हता.

आबा गडगडत पायरीपर्यंत गेला आणि अंग कलते करून पाण्याला टेकला. मुंग्या त्याच्या अंगावरच्या वादीच्या, म्हणजे पुड्या ताणून धरणाऱ्या चामडी पट्टीच्या, फटींत शिरल्या. त्यांची म्हातारी चिमाबाई सर्वांत शेवटी चढली.

"आबा, कोरडं होण्यापुरतं बसू दे," ती धापा टाकीत म्हणाली. "ऊन पडलं की उतरू. खायला काही मागत नाही आम्ही."

"लेकरं खाऊन आहेत का?"

चिमाबाई आपल्या मिशा पुसत राहिली.

आबाने टाळांना हाक मारली. कोनाड्यातले पीठ काढायला सांगितले तेव्हा दोघेही भाऊ पहिल्यांदाच एकमेकांवर न आदळता गप्प राहिले. मग थोरला हळूच म्हणाला, "आबा, महासभा..."

"मळा लवकर."

"आबा, खुंटी..."

"माझा एक गाल एक दिवस उपाशी राहिला तर मरत नाही रे. ह्या पोरांचं तसं नाही. आणि हे बघा," त्याने आवाज दाबला, "तिला सांगायचं नाही. पीठ पुष्कळ आहे म्हणायचं. वचन द्या."

टाळांनी वचन दिले. इतके अवघड काम त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते.

कणकेचा गोळा मुंग्यांच्या लेकरांपुढे ठेवला गेला. चिमाबाईने विचारले, "तुम्हाला उरली ना?" आबा म्हणाला, "कोठार भरलंय. खा. आज मात्र मीठ खरंच राहिलं." ती हसली. लेकरांचे पोट भरले आणि ती वादीच्या पेडांत निजली. त्या रात्री आबाला आपल्या अंगावर किती तरी सूक्ष्म श्वास जाणवत राहिले आणि भीती वाटत असूनही त्याला फार छान झोप लागली.

शंखरावांना सकाळी रिकामा कोनाडा दिसला. ते रागावले नाहीत. तेच जास्त कठीण होते. "आबा," ते म्हणाले, "नियम मी केलेला नाही. मी फक्त तो पाळतो." आणि ते खुंटीखालची धूळ झाडायला लावून निघून गेले.

मग, थकलेल्या मुंग्या वादीच्या पेडांत गाढ निजल्या असताना, आबाची आणि टाळांची धडपड सुरू झाली. पुराने आणलेला गाळ त्यांनी डाव्या पुडीवर थापला. पहिल्याच घुमाऱ्याला तो उडाला आणि थेट वीणाबाईंच्या भोपळ्यावर जाऊन बसला. "असू दे, असू दे," वीणाबाई म्हणाल्या, "पूर येऊन गेलाच आहे, त्यात एवढ्याशाने काय." मग टाळांनी ओले फडके लावून पाहिले, ते निसटले. राख कालवून लावली. ती वाळून भुरभुरली. वजन सगळ्यांना होते, धरून राहणे कोणालाच जमत नव्हते. आबा थरथरला की सगळे त्याला सोडून जात.

महासभेची पहाट झाली. पुराने कुठे कुठे फेकलेली सगळी वाद्ये गोळा झाली. कोणाची तार तुटलेली, कोणाचा गळा बसलेला, पण नामासाठी प्रत्येकाने जमेल तसे अंग सावरले होते. शंखरावांनी फुंकर सोडली. वीणाबाईंनी गंजल्या तारेतून सूर धरला. तो खरखरीत होता आणि तरीही गोड होता. आबाची पाळी आली.

त्याने मनात नाम आणले. उजवी पुडी निर्मळ बोलली. मग डावी बोलली, आणि रिकामा डबा पायरीवरून पडावा तसा आवाज मंडपात घरंगळत गेला.

मागे कोणीतरी फिसकन हसले. शंखरावांनी न बोलता खुंटीकडे पाहिले. आबाने पुन्हा नाम घेतले. पुन्हा डबा पडला. संबळ वाऱ्याने खरखरला. आबाच्या अंगावरचे कातडे गार पडले.

वादीच्या फटीतून चिमाबाई बाहेर आली होती. "आबा, आज असा काय आवाज तुझा? डाव्या बाजूला कणीक नाही लावली?"

"विसरलो," आबा म्हणाला.

टाळांनी दिलेले वचन इथवर टिकले, हाच एक चमत्कार होता. ते खणखणून एकदम फुटले. "विसरला नाही! शेवटचा गोळा होता तो! तुमच्या पोरांनी खाल्ला तोच! दुसरं पीठच नाही राज्यात!"

चिमाबाईने आबाकडे पाहिले. "कोठार भरलंय म्हणालास."

"भरलंय की. गाळानं."

"लबाड आहेस," ती म्हणाली, आणि मागे वळून तिने आपल्या लोकांना कसलीशी खूण केली.

पेडापेडांतून मुंग्या निघाल्या. रांगा करून त्या डाव्या पुडीवर आल्या आणि मधोमध जमू लागल्या. एकीने दुसरीचा पाय धरला, दुसरीने तिसरीचा. वर्तुळ दाट होत गेले, जाड होत गेले. लेकरांनाही त्यांनी आत घेतले.

"चिमाबाई, उतरा खाली," आबा घाबरून म्हणाला. "मी थरथरलो की फेकल्या जाल तुम्ही. गाळसुद्धा टिकला नाही."

"गाळाला कोणाचा हात धरायचा असतो होय?" चिमाबाई वर्तुळाच्या कडेला स्वतःची जागा घेत म्हणाली. "अख्खी नदी हलवून गेली आम्हाला, आबा. तू काय हलवणार आहेस? घे नाम."

शंखराव पुढे आले. त्यांनी वाकून डाव्या पुडीकडे बारकाईने पाहिले. "नियमात कणीक म्हटलं आहे," ते घुटमळत म्हणाले. "ही कणीक आहे का?"

"आहे तर," धाकटा टाळ म्हणाला, "नुसती जरा चालती-बोलती आहे."

"मऊ आहे, जड आहे, चिकटून आहे," थोरला म्हणाला. "आणि गव्हाचीच आहे. परवाच खाल्लाय."

आबाने डोळे मिटून नाम आणले. उजवी पुडी बोलली. मग डावीतून तो घुमारा उठला: खोल, ओला, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. दगडी खांबांनी तो घेतला आणि एकमेकांना दिला. वीणाबाईंच्या तारेवरचा गंज झडला. पुडी थरथरत होती, त्या थरथरीबरोबर काळे वर्तुळ खाली-वर होत होते, पण एकही मुंगी सुटली नाही. मधोमध बसलेली लेकरे खिदळत होती. टाळ सगळे भांडण विसरून एका ठेक्यात आदळू लागले आणि ज्यांचे गळे बसले होते त्यांनाही कंठ फुटला. गजर इतका वाढला, की शंखरावांना मधेच फुंकर घालावीशी वाटली, आणि नियमात नसतानाही त्यांनी ती घातली.

पुढे पाणी ओसरले. गाळावर गहू असा आला, की ओंब्यांच्या भाराने ताटे वाकली. मुंग्यांनी पायरीत नवे बीळ केले. खुंटीच्या इतके जवळ जाऊन आलेला आबा एका दुपारी मागच्या भिंतीपाशी गेला आणि संबळाला म्हणाला, "उन्हात बसायला येतोस का?" टाळांनी त्याला खाली उतरवले. अजून त्याचा आवाज खरखरतो, पण आता तो वाऱ्याची वाट पाहत नाही. रिकाम्या खुंटीवर वीणाबाई फुलांच्या माळा अडकवतात.

पुन्हा महासभेची पहाट आली. कोठारे भरलेली होती. टाळांनी आपल्या वाट्यांत मोठा गोळा मळला आणि तो आबाकडे आणला.

"तो पायरीवर नेऊन ठेवा," आबा म्हणाला. "आधी त्यांचं खाणं होऊ दे."

"आणि डावी बाजू?"

"कोरी राहू दे."

सगळी वाद्ये जमली. वीणाबाई सूर जुळवून उभ्या राहिल्या. संबळाने कातडे ताणून घेतले. पूर्वेकडे फटफटले, मग तांबडे झाले, सूर्य वर आला. सभा सुरू झाली नव्हती. शंखराव मंडपाच्या दारात उभे होते. छातीत भरून घेतलेली फुंकर त्यांनी तशीच कोंडून धरली होती. गाल फुगलेले होते आणि डोळे उंबरठ्यावर खिळलेले होते.

आणि मग उंबरठ्यावर, उन्हाच्या कडेने, एक बारीक काळी रेघ हलताना दिसली.