शेवटल्या मळ्याची पाटफेरी

नदीकाठच्या एका गावाला देवाने फार काही दिलं नव्हतं, पण पूर्वजांनी एक पाट दिला होता. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर दगडी बंधारा होता. तो कोणी बांधला, हे कोणालाच सांगता येत नसे. बंधाऱ्यातून निघालेला पाट टेकडीच्या कडेकडेने मळ्यांना पाणी पाजत जाई, आमराईतून वळण घेई आणि खाली शेवटल्या मळ्यापर्यंत पोचे. उरलंसुरलं पाणी ओढ्याच्या वाटेने पुन्हा नदीला मिळे. पाटाच्या काठाने चालायला छान पायवाट होती. करंजाची आणि जांभळीची सावली होती. पाहुणे आले की गावकरी त्यांना आधी देवळात नेत आणि मग पाटावर फिरायला.

या गावात दरवर्षी दसरा झाला की पाटफेरी निघे. आदल्या दिवशी बंधाऱ्यातून पाणी सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावाने मिळून पाट चालून पाहायचा, अशी रीत होती. पण तिची तऱ्हा न्यारी. फेरी बंधाऱ्यापासून निघत नसे. सगळे गाडीवाटेने आधी शेवटल्या मळ्यावर जमत. त्या मळ्याचा धनी खांद्यावर कुदळ टाकून पुढे होई आणि सारं गाव त्याच्या मागून, पाण्याच्या उलट दिशेने, वर बंधाऱ्याकडे चालत जाई. पाटील सगळ्यांत मागे. असं का, हे कोणी विचारत नसे. वाडवडील करत आले म्हणून सगळे करत.

त्या गावचे रायभान पाटील भला माणूस. गावाचा एक दाणा त्यांनी कधी आपल्या कणगीत पडू दिला नाही. खोटं बोलणं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. फक्त एक होतं. चारचौघांत आपलं कौतुक झालेलं त्यांना आवडे. आता ते कोणाला आवडत नाही म्हणा!

एका वर्षी परगण्याचे सुभेदार पाटफेरीला आले. शेवटल्या मळ्यापर्यंत गाडीतून हाडं खिळखिळी करून घेतल्यावर आणि मग उन्हात चढाने चालल्यावर ते कुरकुरले.

"पाटील, पाणी जसं जातं तसं आपणही जावं. हे उलटं चालणं कशाला? आणि गावचा पाटील मागे, हे काही बरं दिसत नाही."

पहिलं वाक्य रायभान पाटलांना पटलं. दुसरं त्यांना गोड लागलं. पुढच्या वर्षापासून फेरी बंधाऱ्यापासून निघू लागली.

आणि खरं सांगायचं तर फेरीला रंगत आली ती तेव्हापासून. सकाळच्या गारव्यात बंधाऱ्यावर नारळ फुटे. ताशा वाजे. पाटील पुढे, त्यांच्या मागे पाहुणे, मग गाव. शेजारून पाणी खळाळत चाललेलं, डोक्यावर झाडांची सावली, वाट उताराची. कोणाला धाप लागत नसे. ऊन चढायच्या सुमाराला सगळे आमराईत पोचत. तिथे भरीत-भाकरीचा आणि जिलेबीचा बेत असे. पोटभर जेवण झाल्यावर पुढे चालायला कोणाच्या पायांत बळ असणार? कोणीतरी म्हणे, "इथवर पाट भरलाय, म्हणजे पुढेही भरलेलाच असणार." ते सगळ्यांना पटे. मंडळी सावलीत आडवी होत आणि उतरत्या उन्हात घरी परतत. आसपासच्या गावांत बोललं जाऊ लागलं, फेरी असावी तर रायभान पाटलांची.

शेवटला मळा सुपडूचा होता. त्याचा बाप भिका कुदळ खांद्यावर टाकून जन्मभर फेरीच्या पुढे चालला होता. सुपडूला तो मान गेल्याचं फारसं वाटलं नाही. पण पुढे पुढे त्याच्या मळ्यातलं पाणी आटू लागलं, तेव्हा तो पाटलांकडे आला.

"आबा, मळ्यात पाणी येत नाही. आलं तर करंगळीएवढं येतं आणि दुपारपर्यंत तेही बंद."

पाटलांना नवल वाटलं. "अरे, परवाच मी स्वतः पाट चालून आलो. काठोकाठ भरलाय. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

सुपडू हळूच म्हणाला, "आबा, तुम्ही चाललात तिथवर भरलेलाच आहे."

हे पाटलांना झोंबलं. जन्मात कोणी त्यांच्या शब्दावर शंका घेतली नव्हती. तरीही त्यांनी एक माणूस पाहायला पाठवला. तो आमराईच्या थोडं पुढे गेला, पाटाच्या तळाशी ओल पाहिली आणि परत येऊन म्हणाला, "पाणी आहे." तोही खोटं बोलला नाही. पाटलांनी मनात धरलं की सुपडूचं शेतीत लक्ष नाही आणि तो दोष पाटाला देतोय. पुढे सुपडू दोनदा आला, तेव्हा पाटलांनी त्याला बस म्हटलं नाही. मग तो यायचाच थांबला. पाटलांना वाटलं, चला, तक्रार मिटली.

अशी काही वर्षं गेली. एका फेरीला सुभेदार पुन्हा आले. परगण्यात सगळ्यांत चांगला राखलेला पाट म्हणून पाटलांना मानाचं पागोटं बांधायचं ठरलं होतं. आमराईत पंगत बसली. पाटलांच्या समोर पान वाढलेलं, शेजारी तबकात लाल पागोटं.

तेवढ्यात सुपडूची बायको ठगूबाई आमराईत आली. ती पायवाटेने आली नव्हती. पाटाच्या आतून, त्याच्या तळातून चालत आली होती. आमराईच्या कडेला आल्यावर तिच्या पायांना पहिल्यांदा पाणी लागलं आणि ती काठावर चढली. पोटऱ्यांपर्यंत पांढरी धूळ होती आणि तळवे तेवढे ओले.

ताशा थांबला. ठगूबाईने पदर सावरला.

"आबा, आम्ही गाव सोडतोय. गाडी भरली आहे. न सांगता जाणं बरं नव्हे, म्हणून सांगायला आले."

पाटील म्हणाले, "सूनबाई, असं तडकाफडकी का? काय झालं?"

"तडकाफडकी नाही, आबा. फार दिवस वाट पाहिली." एवढं बोलून तिने नमस्कार केला आणि आली तशी पाटात उतरून निघून गेली.

कोणीतरी उसनं हसून म्हणालं, "शुभ कामात अपशकुन!" सुभेदारांनी घाईने पागोटं उचललं आणि पाटलांच्या डोक्यावर बांधलं. टाळ्या झाल्या. ताशा पुन्हा वाजला. पाटलांनी उचललेली जिलेबी पुन्हा पानात ठेवली. त्यांच्या डोळ्यांपुढे ते धुळीने माखलेले पाय होते. भरलेल्या पाटातून चालत आलेल्या बाईच्या पोटऱ्यांवर धूळ कुठून येईल?

ते ताटावरून उठले. दोघेतिघे मागे निघाले, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं. आणि मग गावचे पाटील, डोक्यावर कोरं पागोटं आणि पायात नव्या वहाणा, पाटात उतरले आणि उन्हातान्हात एकटेच खाली चालू लागले.

आमराई मागे पडली तसं घोट्याएवढं पाणी तळव्याएवढं झालं. मग नुसता चिखल राहिला. वळणाशी चिखलही संपला आणि भेगाळलेली माती लागली. पाटील तरी चालत राहिले. पुढे पाटात बाभळीची रोपं उगवली होती, काही तर माणसाच्या कमरेला लागतील एवढी. त्याच्याही पुढे पाटाच्या मधोमध वारूळ होतं. पाटील त्या वारुळापाशी उभे राहिले. एका पावसाळ्यात एवढं मोठं वारूळ होत नाही. भरलेला पाट पाहिला असं आपण ज्या ज्या वर्षी छातीठोकपणे सांगितलं, त्या प्रत्येक वर्षी इथे मुंग्या घर बांधत होत्या, हे त्यांना कळून चुकलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेवटल्या मळ्यात कोणी नव्हतं. घराला कडी होती. पाटील ओढ्याच्या वाटेने धावत नदीच्या उताराकडे गेले. या वयात धावणं त्यांना शोभत नव्हतं, पण ते धावले. सुपडूची गाडी पाण्याच्या कडेला उभी होती. ठगूबाई नुकतीच येऊन गाडीत बसली होती आणि सुपडू बैलांना पाणी दाखवत होता.

पाटील धापा टाकत म्हणाले, "सुपडू, थांब. चूक माझी आहे."

सुपडूने मान खाली घातली. "आबा, रागाने नाही जात मी. तुम्ही खोटं बोलला असता तर भांडलो असतो. पण तुम्ही खरं पाहिलं होतं आणि खरंच बोलत होता. अशा माणसाशी कसं भांडायचं?"

स्वतः पाट पाहतो म्हणावं, तर ते दरवर्षी करून झालं होतं. माणूस पाठवतो म्हणावं, तर तेही झालं होतं. शेवटी पाटील म्हणाले,

"बंधाऱ्याजवळचा पहिला मळा माझा आहे. तो तू घे. तुझा मला दे."

सुपडूला वाटलं, आबांना ऊन लागलंय. "आणि खाली माझ्या मळ्यात पाणी नाही पोचलं तर?"

"तर ते सगळ्यांत आधी मला कळेल."

मग ठगूबाई गाडीतून उतरली, तिने बैलांची वेसण धरली आणि गाडी गावाकडे वळवली.

घरी पाटलीणबाई कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पोटच्या पोरांच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला दिला, असं त्या शेजारणींपाशी म्हणत. भाऊबंदांनी पाटलांना वेड्यात काढलं. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं. फेरीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या गावाला शेवटल्या मळ्यावर बोलावलं आणि तिथून वर चालायला लावलं. ताशा नव्हता, जिलेबी नव्हती. पाणी जिथे पोचलं नव्हतं तिथून उलट चालत गेलं की ते कुठे कुठे अडलं, हे एकामागून एक सापडतं, हे त्या दिवशी गावाला कळलं. कुठे गाळ भरला होता, कुठे खेकड्यांनी काठ पोखरला होता. आणि आमराईच्या वर, ज्या ज्या दारातून मळ्यांत पाणी घ्यायचं, ते प्रत्येक दार थोडंथोडं रुंद झालेलं होतं. चोरी म्हणावी एवढं कोणाचंच नव्हतं. ज्याचा मळा येई तो मान खाली घालून दगड पुन्हा जागेवर लावी.

सगळ्यांत रुंद दार बंधाऱ्याला लागून होतं. ते पाटलांच्याच जुन्या मळ्याचं होतं. धनी खूश राहावा म्हणून गड्यांनी ते कधीचं वाढवलं होतं. दरवर्षी फेरी वाजतगाजत त्याच दारावरून निघत होती, पण तिथे पाणी भरपूर होतं, म्हणून पाटलांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. त्यांनी खाली बसून स्वतःच्या हाताने दगड लावले. कोणाकडे वर मान करून पाहिलं नाही.

एवढं करूनही त्या हंगामात पाणी शेवटपर्यंत पोचलं नाही. इतक्या वर्षांची कोरडी माती वाटेतच सगळं पिऊन टाकत होती. पाटलांचा गहू उभ्या उभ्या वाळला. त्या वर्षी पाटलांच्या घरी भाकरी झाली ती सुपडूने आणून दिलेल्या धान्याची. ती खाऊ लागल्यावर पाटलीणबाईंनीही शेजारणींपाशी नवऱ्याला नावं ठेवणं सोडून दिलं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आत सगळ्या गावाने पाट खणून साफ केला. वारूळ काढलं, बाभळी उपटल्या. पाणी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते शेवटल्या मळ्यात शिरलं. आधी बोटभर, मग हातभर, मग सरीसरीतून पसरत गेलं. गाव आनंदाने ओरडलं. रायभान पाटील मात्र बांधावर बसून लहान मुलासारखे रडू लागले. ठगूबाईने विचारलं, "आबा, आता तर पाणी आलं. आता कशाला रडता?"

पाटील म्हणाले, "सूनबाई, एवढं पाणी या पाटात सगळी वर्षं होतं गं."

तात्पर्य: जिथे सुबत्ता आहे तिथूनच पाहायला सुरुवात केली, तर प्रामाणिक माणसाच्या डोळ्यांनाही दुसऱ्याचं दुःख दिसत नाही, म्हणून वाटणी ज्याच्या हाती आहे, त्याने शेवटच्या माणसाच्या दारात उभं राहून पाहावं.