पागोट्यातलं पिल्लू

गोधडी ओढू नका रे. सुमेध, पाय आत घे. आज माझ्या कुशीत गार्गी, उद्या तू. भांडलात तर मी आपली भिंतीकडे तोंड करून झोपेन, सांगून ठेवते. हां, आता ऐका.

एक होता राजा, आणि त्याची एकच एक लेक, बकुळा. राणी देवाघरी गेलेली, म्हणून लेकीची वेणी राजाच घालायचा, आपली वाकडीतिकडी. संध्याकाळी दरबार उठला की तो डोक्यावरचं पागोटं काढायचा, बकुळाच्या डोक्यावर ठेवायचा आणि तिला मांडीवर घेऊन दहीभात भरवायचा. हा घास काऊचा, हा घास चिऊचा, आणि हा घास माझ्या बकुळाचा! शेवटचा घास सगळ्यात मोठा असायचा, बरं का. त्या एका घासासाठी बकुळा दिवसभर वाट बघायची.

एकदा काय झालं, गावात बाजार भरला. लांबच्या मुलखातून एक सौदागर आला. त्याच्याकडे इवली इवली कुत्री होती. जातच त्यांची तशी. कितीही वाढली तरी नारळाएवढीच. त्यातलं कुणी कोलांटी मारायचं, कुणी दोन पायांवर नाचायचं. पण एक पिल्लू होतं अगदी बुजरं. माणूस दिसला की टोपलीत तोंड खुपसून बसायचं. सौदागराने काय करावं? बाजार उठल्यावर बाकीची कुत्री घेऊन गेला आणि हे पिल्लू टोपलीसकट तिथेच टाकून दिलं मेल्यानं!

राजा फिरत फिरत तिथे आला. त्याने टोपली उघडून पाहिली. पिल्लू थरथर कापत होतं. मग राजाने डोक्यावरचं पागोटं काढलं, त्यात पिल्लाला ठेवलं आणि बोडक्या डोक्यानं वाड्यावर आला. लोक बघतच राहिले.

आणि बकुळाच्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाऊन थांबतं ते दुखणं नव्हे हो. दुसरं.

पिल्लाला पागोट्याशिवाय झोप येईना. म्हणजे पागोटं गेलं. पिल्लू मांडीवर चढलं. म्हणजे अर्धी मांडी गेली. आणि त्या संध्याकाळी राजा म्हणाला, "हा घास काऊचा, हा घास चिऊचा, आणि हा घास आपल्या पाहुण्याचा!" बकुळाने आ केला होता, तो तसाच राहिला. तिला नंतर भरवलं की, नाही असं नाही. पण तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हे कोण कुठलं, टोपलीतलं, आणि माझा घास खातंय?

आता त्या राज्यात एक रीत होती. घरात नवं कुणी आलं, मग ते बाळ असो की वासरू, त्याचं बारसं करायचं. तुमच्या बारशाला तुमच्या आत्यानं कानात कुर्रर्र केलं होतं ना, तसं. आणि एकदा कानात सांगितलेलं नाव पुसता येत नसे. बदलायचंच झालं तर सांगणाऱ्याने आपलं स्वतःचं नाव देऊन टाकायचं. आता स्वतःचं नाव देऊन कोण बसतंय? म्हणून आजवर कुणी बदललं नव्हतं.

राजाला बहीण नव्हती. तो म्हणाला, "बकुळे, आत्याचा मान तुझा." मग पाळणा टांगला, घुगऱ्या वाटल्या, बायकांनी गाणी म्हटली. बकुळा पाळण्यावर वाकली. तिने कुर्रर्र केलं आणि त्या मऊ कानात हळूच म्हणाली, "जा!"

रीतीप्रमाणे सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. "काय नाव ठेवलंस गं?" बायकांनी विचारलं.

"सांगायचं नाही, गुपित आहे," बकुळा म्हणाली. राजा हसला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, पोर लाडात आलीय.

मग दुसऱ्याच दिवशी बकुळा राजाला म्हणाली, "बाबा, याला इथे करमत नाही. तुताऱ्या वाजल्या की किती घाबरतं! आपण याला चांगलं घर बघू या. मीच बघते." कशी गोड बोलली बघा! राजाला वाईट वाटलं. पण पिल्लू तुताऱ्यांना घाबरायचं ते खरंच होतं. तो हो म्हणाला.

मग बकुळाने पिल्लू दिलं कुंभारणीला. कुंभारीण मायेची बाई. तिने पिल्लासाठी इवलीशी वाटी घडवली, तिच्यावर फूल काढलं. ती वाटी बघून बकुळा पुन्हा जळली. माझ्यासाठी कधी केली होती का हिनं वाटी? पण थोड्याच दिवसांत कुंभारीण पिल्लू घेऊन परत आली. "ताईसाहेब, जीव लावला, दूध पाजलं. पण हाक मारली की हे मागेच सरतं. आणि हे कमी होतंय हो!" खरंच की! नारळाएवढं पिल्लू कवठाएवढं झालं होतं.

असं का झालं, सांगू? पिल्लू होतं गुणी. कानात जा म्हणून सांगितलंय, म्हणजे जायला हवं. पण जायचं कुठे? त्याला ना गाव माहीत, ना वाट. मग ते आपलं आतल्या आत जायला लागलं. रोज थोडं थोडं.

मग बकुळाने ते माळ्याकडे दिलं. माळ्याची पोरं ही एवढी, घरभर. सगळी आपला झोका सोडून पिल्लाभोवती बसली. ये म्हणाली, यू यू केलं, गाणी म्हटली. पिल्लू मागे, आणखी मागे. माळी परत आला तेव्हा पिल्लू लिंबाएवढं झालं होतं.

मग ते दिलं नावाड्याच्या म्हातारीला. घाटावर तिचं खोपट. ना तुतारी, ना पोरंबाळं, नुसतं पाणी. बकुळा घरी आली. पागोटं परत मिळालं, अख्खी मांडी मिळाली, मोठा घास मिळाला. पण राजा भरवता भरवता दाराकडे बघायचा. आता पिल्लू इथे नव्हतं तरी बाबा त्याच्याकडेच बघतात! बकुळा रागानं फणफणत घाटावर निघाली. त्या पिल्लात असं आहे तरी काय, ते तिला एकदा बघायचंच होतं.

ती खोपटाच्या दारात उभी राहिली. आत म्हातारी दहीभात कालवून बसली होती. समोर पिल्लू, सुपारीएवढं. म्हातारी म्हणाली, "हा घास काऊचा, हा घास चिऊचा, आणि हा घास माझ्या..." तिथेच अडली. "काय म्हणू रे तुला? नावच ठाऊक नाही."

पिल्लाने आ केला होता. आपलं नाव घेतील म्हणून वाट बघत होतं. तेवढ्यात त्याला दारात बकुळा दिसली. त्याने गपकन तोंड मिटलं आणि ते एक पाऊल मागे सरलं. तेवढ्यात ते बोराएवढं झालं.

आ करून तसंच राहायचं, म्हणजे काय, ते बकुळाला चांगलं माहीत होतं. तिने धावत जाऊन पिल्लाला तळहातावर घेतलं. "जाऊ नकोस रे! मी उगाच म्हणाले! राहा!" पण सांगितलेलं नाव थोडंच पुसतं? पिल्लू गुंजेएवढं झालं. काळी काळी दोन टिंबं तेवढी दिसत होती, ते त्याचे डोळे.

मग बकुळाला रीत आठवली. आणि ती रडायलाच लागली. माझं नाव दिलं तर मला काय म्हणायचं? बाबा कुणाला हाक मारणार? मोठा घास कुणाचा? तिला द्यायचं नव्हतं हो. अजिबात नव्हतं. पण हातावरचं ते एवढंसं अंग थरथरत होतं, आणि आता आणखी लहान व्हायला जागाच उरली नव्हती. तिने हात कानाजवळ... नाही, तोंडाजवळ नेला. कुर्रर्र केलं. आणि डोळे मिटून म्हणाली, "बकुळा."

तळहात जड व्हायला लागला. बोर. सुपारी. लिंबू. कवठ. मग चांगला नारळ! आणि त्या नारळाने तिच्या नाकाला चाटलं.

दोघी वाड्यावर आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. राजा ओसरीवर दहीभात घेऊन बसला होता. सवयीने त्याने हाक मारली, "बकुळे!" पिल्लू कधी नव्हे ते सुसाट धावलं आणि थेट मांडीवर चढलं. बकुळा खांबाआड उभी राहिली.

"तू का गं तिकडे?"

मग तिने सगळं सांगितलं. जा म्हटलेलं, रडलेली, सगळं. "बाबा, ते नाव आता तिचं आहे. मला नाव नाही. मला हाक मारू नका."

राजाने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाला, "वेडे, नाव म्हणजे काय दहीभात आहे, दुसऱ्याला दिला की संपायला? ये इकडे." तिला त्याने उरलेल्या अर्ध्या मांडीवर बसवलं. ती अर्धी मांडी पुरली की तिला! आणि त्याने घास केले. हा घास काऊचा, हा घास चिऊचा, आणि हा घास माझ्या बकुळाचा!

दोघींनी आ केला.

राजाच्या हातात घास एकच. तो इकडे बघतो, तिकडे बघतो. मग बकुळाच म्हणाली, "आधी तिला." म्हणताना पोटात थोडं दुखलंच, खोटं कशाला सांगू? पण थोडंच.

तेव्हापासून राजा दोन मोठे घास करायला लागला. नावाड्याच्या म्हातारीलाही रोज जेवायला बोलावणं जायचं. आणि कुणी "बकुळे!" म्हणून हाक मारली की दोघी धावत यायच्या. अशा सगळ्या सुखात राहिल्या.

गार्गी, तू काय करतेस गं? सरकतेयस होय? बरं, ये रे सुमेध, ये या बाजूला. मावताय की दोघंही! आता मिटा डोळे.