माळावरचा नवा आवाज

फार पूर्वी, एका गवताळ माळावर एक टिटवी आपल्या एकुलत्या पिल्लासह राहत होती. एकदा शहरातल्या दुकानातून सुटलेला पोपट तिथे आला आणि बोरीच्या शेंड्यावर बसून दिवसभर ओरडू लागला, "नवं आलं, घ्या घ्या!" काय घ्यायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्या आवाजाची सगळ्यांना चटक लागली. चंडोलाची, लाव्याची पिल्लंसुद्धा तेच घोकू लागली.

टिटवीचं पिल्लू म्हणालं, "आई, आपलं टिटिव टिटिव किती गावंढळ वाटतं गं!"

टिटवीला वाईट वाटलं, पण ती रागावली नाही. पोरांना चारचौघांसारखं व्हावंसं वाटतंच, अशी तिने मनाची समजूत घातली.

मग एका दुपारी माळाला वणवा लागला. धुरात काही दिसेना. चहूकडून पिल्लं जिवाच्या आकांताने ओरडत होती, "नवं आलं, घ्या घ्या!" टिटवी एका हाकेमागे धावली, तर तिथे लाव्याचं पिल्लू. त्याला ओढ्याकडे पिटाळून ती दुसरीकडे धावली, तर तिथे चंडोलाचं. यातलं आपलं कुठलं, तेच तिला कळेना. पोपट तर केव्हाच उडून गेला होता.

तेवढ्यात धुरातून एक चिरका, घाबरा आवाज आला, "टिटिव!"

टिटवीने तिकडे झेप घेतली आणि पिल्लाला चोचीने ढोसत ओढ्यापाशी नेलं.

"आई, भीतीने मी ते शब्दच विसरलो गं," पिल्लू रडत म्हणालं.

"बरं झालं, बाळा," टिटवी म्हणाली आणि इतरांच्या पिल्लांना शोधायला पुन्हा धुरात शिरली.