अठरा मिलिमीटर

एकदा एका वृद्ध अभियंत्याकडे एक तरुण शिष्य म्हणून राहिला. वृद्धाची कार्यशाळा गावाबाहेरच्या माळावर होती आणि तिथे शर्यतीच्या गाड्या घडत. वर्षाला एक, फार तर दोन. या गाड्यांचे इंजिन पुढे नसे. ते चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या आसाच्या अलीकडे बसवलेले असे. वजन मध्यावर आले की गाडी वळणाला चटकन वळते. मात्र त्यामुळे जागेची ओढाताण होई. चालकाची पाठ पुढे सरकवता येत नाही, आणि आसाच्या मागे फार वजन लटकले तर वळणावर गाडीची शेपूट फिरते. उरलेल्या मोजक्या लांबीत इंजिनही बसवायचे आणि त्याला जोडलेली गिअरबॉक्सही.

म्हणून त्या कार्यशाळेत एक रीत होती. धातूला हात लावण्यापूर्वी गाडीचे पूर्ण आकाराचे चित्र फरशीवर खडूने काढीत. इंजिन निळ्या खडूने, गिअरबॉक्स पिवळ्या, आणि दोहोंमधली सीमा पांढऱ्या. ती पांढरी रेघ हलवायची झाली तर दोन्हीकडच्या माणसांनी समोरासमोर गुडघे टेकून, मिळून पुसायची. एकट्याने नाही.

त्या वर्षी एका हौशी व्यापाऱ्याने गाडी मागितली. इंजिनाचे काम प्रथमच शिष्याकडे आले. गिअरबॉक्स नेहमीप्रमाणे तातोबा मिस्त्रींकडे होती. तीस वर्षे ती त्यांच्याकडेच होती. शिष्याला अधिक शक्ती हवी होती. त्याने सिलिंडर रुंद केले, आणि इंजिन अठरा मिलिमीटरने लांबले.

त्याच सुमारास मिस्त्रींची पत्नी वारली. ते तेरा दिवस घरी होते. शिष्य एकदा त्यांच्या दारापर्यंत गेला, बाहेरच्या चपला पाहिल्या आणि परतला. अशा वेळी माणसाला कामाचे काय विचारायचे, असे त्याने स्वतःला समजावले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने एकट्याने ती रेघ पुसली आणि अठरा मिलिमीटर मागे ओढली.

मिस्त्री कामावर आले. रेघेपाशी थोडा वेळ उभे राहिले आणि कामाला लागले. गिअर सहा होते. त्यांनी प्रत्येकाची रुंदी तीन मिलिमीटरने कमी केली.

चाचणीच्या दिवशी तिसऱ्या गिअरचे दात तुटले. मागची चाके अडकली, गाडी गिरकी घेऊन बांधावर आदळली आणि चालकाचे मनगट मोडले. सगळे भोवती जमले. व्यापारी विचारू लागला, हे झाले कशाने. शिष्याने फुटलेल्या गिअरबॉक्समधून तुटलेला गिअर उचलला आणि म्हणाला, "गिअर पातळ होते."

सर्वांनी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी शिष्याकडे पाहिले.

"हो," ते म्हणाले. "पातळच होते."

संध्याकाळी त्यांनी आपली हत्यारे पिशवीत भरली आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत.

वृद्धाने चौकशी केली नाही. त्याने तुटलेला गिअर शिष्याच्या टेबलावर ठेवला आणि नवी गिअरबॉक्स त्यानेच आखावी असे सांगितले. अट एकच होती, रेघ आहे तिथेच राहील. कार्यशाळेला हा बहुमान वाटला. वेल्डिंगवाला म्हणाला, "आता पेढे आणा. इंजिनही तुमचं, गिअरही तुमचे. आम्ही नुसत्या टाळ्या वाजवतो." शिष्याला हसता आले नाही.

आठ दिवस तो फरशीवर ओणवा होता. गिअरबॉक्स मागे वाढवली तर शेपूट जड होई. इंजिनाखाली घातली तर इंजिन वर चढे आणि वळणावर गाडी कले. सहाचे पाच गिअर केले तर दोन गिअरांमध्ये त्याच्या इंजिनाचा जोर गळून जाई. आणि सहाही ठेवले तर ते पातळच करावे लागत, बरोबर तीन मिलिमीटरने. नवव्या दिवशी तो वृद्धासमोर उभा राहिला. या जागेत दुसरे काही होऊ शकत नाही, हे त्याने सांगितले. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "रेघ मी एकट्याने पुसली होती, गुरुजी."

वृद्धाने हातातले काम बाजूला ठेवले.

"तातोबा आपल्या मर्जीने पातळ गिअर करणारा माणूस नव्हे, एवढे मला माहीत होते," तो म्हणाला. "इंजिनाला जागा हवी असते, त्यात पाप नाही. चालकाच्या पाठीमागे जेवढी लांबी आहे तेवढीच आहे. एकाने घेतली की दुसऱ्याची जाते. आपली सारी विद्या म्हणजे ही देवघेव. पण देणाऱ्याला ठाऊक नसेल तर ती देवघेव राहत नाही. ती रेघ हललेली मलाही दिसली होती. तुम्ही दोघांनी मिळून हलवली असेल असे धरून मी रोज तिच्याशेजारून गेलो. मान एकट्या तुझीच खाली नाही."

शिष्य त्याच दुपारी मिस्त्रींच्या घरी गेला. या वेळी दारात एकच चपलांचा जोड होता. मिस्त्रींनी त्याला आत घेतले, पाणी दिले. त्याने सगळे सांगितले. सर्वांसमोर पुन्हा सांगेन, असेही म्हणाला. मिस्त्रींनी मान डोलावली. रेघ हलल्याचे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते. शिष्य आज सांगेल, उद्या सांगेल, असे त्यांना वाटत राहिले; आणि स्वतःहून विचारायचे तर तेव्हा वाद घालण्याचे बळ नव्हते.

"माझंही चुकलंच," ते म्हणाले. "एका पोराचं मनगट गेलं त्यात."

शिष्य कसाबसा म्हणाला, "तुमच्या घरात दुःख होतं, काका. त्रास देऊ नये असं वाटलं."

मिस्त्रींनी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"त्या तेरा दिवसांत सगळे यायचे, बसायचे आणि तिच्याविषयीच बोलायचे," ते म्हणाले. "तू येऊन अठरा मिलिमीटर मागितले असतेस ना, तर तेवढा वेळ मी गिअरांचा विचार केला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्याने चालकासमोर आणि सर्वांसमोर आपली चूक सांगितली. मग तो आणि परत आलेले मिस्त्री फरशीवर समोरासमोर गुडघे टेकून बसले. कोणी किती सोडायचे याची बोलणी दुपारपर्यंत चालली.

त्रास नको म्हणून आपण कोणाच्या दारातून परततो, तेव्हा त्रास नक्की कोणाचा वाचवतो, हे परततानाच स्वतःला विचारावे.